पाणी सुटल्याची हाक

मी आमगावला मोटारी बांधतो. म्हणजे शेतातल्या पंपाची जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. तीस वर्षं हेच करतोय. "नजर लागली जी मोटरीले" म्हणत कोणी लिंबू-मिरची बांधलेली मोटर आणली, की मी आधी लिंबू काढून फेकतो आणि मग नट खोलतो. आत भूत नेहमी एकच निघतं — कमी व्होल्टेज.

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-अडीच वर्षांपासून वाचतोय. खोटं कशाला बोलू, दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवले आहेत आणि सगळ्यांनी मिळून पोट धरून हसलो आहोत. तेव्हा आज माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

आधी दादाबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्याचंच आहे. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आमचे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. मला शाळेत घातलं त्यानं, नागपूरला आयटीआयला पाठवलं त्यानं, लग्न लावलं त्यानं. बाप म्हणून मी त्यालाच ओळखतो. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडेच असतो. आज सत्तरीचा आहे, एक गुडघा गेलेला आहे, पण तोंड शाबूत.

आमचं गाव आमगावहून सालेकश्याच्या रस्त्यावर, सहा-सात किलोमीटरवर. गावाला मोठा जुना तलाव आहे. त्याचं पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. ते उघडायचं काम दादानं चाळीस वर्षं केलं. आमच्याकडे पाणी सोडायची एक रीत आहे. एक माणूस तुडुमावर थांबतो. दुसरा नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाकाठानं हाक देत पुढे जातो, म्हणजे नहरात कोणी कपडे धूत असेल, म्हैस धूत असेल, गाळ काढत असेल, तर वर येईल. हाक अशी — "पानी सुटला होऽऽऽ... भाईर निंगा होऽऽऽ..." 'सुटला' लांबवायचं आणि 'निंगा'वर आवाज खाली आणायचा. ही चाल आमच्याच गावची. शेजारच्या गावात शिट्टी मारतात. आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलेलं, की हाक आली की आधी नहरातून बाहेर पडायचं, हातातली वस्तू राहिली तर राहू द्यायची, विचार नंतर.

तर माझी मुलगी पिंकी लग्न होऊन मालवणकडे असते. जावई तिथे बँकेत आहेत. गेल्या डिसेंबरात धानाची मळणी आटोपली आणि तिनं हट्टच धरला, मोठ्या बाबांना समुद्र दाखवायचा. दादानं सत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. मी, आमच्या सौ. आणि दादा असे तिघं निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी होडी ठरवली. किनाऱ्यापासून पाऊण तासावर समुद्रात घुसलेला एक डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी गुहा. पाणी कमी असलं की होडी तोंडातून थोडी आत जाते आणि लोक उतरून बघून येतात. साडेदहा वाजले होते. लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण असल्या गोष्टी नेहमी अमावास्येलाच कशा घडतात म्हणून मीच खिदळायचो.

होडीत दादा पोरासारखा खूश होता. "एवढा पानी अन एकही तुडूम नाही! याले सोडते कोन?" सौ. तोंडाला पदर लावून बसलेली, तिला मळमळत होतं. तरी मला म्हणाली, "अहो, दादांले खाली बसाले सांगा न. पडतीन."

गुहेच्या तोंडाशी नाववाल्यानं इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं होडी आत घेतली. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आत जेमतेम आमच्या ओसरीएवढी वाळूची पट्टी होती. तिच्यामागे खडक चढत जाऊन उजवीकडे एक बोळ वळलेली. तो म्हणाला, "पंधरा मिनटात भायर येवा हां. पाणी फिरतला आता. मगे लाट थेट बोळीत घुसता." जावई सौ.ला सांभाळत थांबले, पिंकी मोबाईल काढून बसली. मी आणि दादा उतरलो.

आता आमची चूक ऐका. ही चूक तलावाकाठची माणसंच करू शकतात.

दादानं पट्टीवर वाहून आलेला बांबूचा एक तुकडा उचलला आणि पाण्याच्या काठाशी खुटी रोवली. तलावावर हेच करतात, खुटी कोरडी पडली तर पाणी उतरतंय, भिजली तर चढतंय. पाच-सात मिनिटं आम्ही तिथेच भिंतीवरच्या शिंपल्या बघत रेंगाळलो. खुटी कोरडी होती. पाणी दोन बोटं मागे गेलेलं.

"पाहाय," दादा म्हणाला, "उतरून राह्यला. तो कायले घाई करते?"

"अरे दादा, तो रोजचा माणूस हाय इथला."

"अन मी का कालचा हाव? खडकावरची लकीर पाहाय न. कमरेच्या वर ओली हाय. म्हंजे एवढा पानी होता अन गेला. उतरती कळा हाय हे."

मला पटलं. का नाही पटणार? पाण्याच्या बाबतीत दादा चुकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तलावाचं पाणी एकदा उतरायला लागलं की पावसाळ्यापर्यंत उतरतच जातं. दिवसातून दोनदा परत फिरणारं पाणी आमच्या हिशेबातच नाही. पुस्तकात भरती-ओहोटी वाचलेली मी... आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

बोळीतून वाकून, वळसा घेऊन आत गेलो. आत एक खोली होती, आमच्या गोठ्याएवढी. वर कुठूनतरी फटीतून उजेड येत होता. तीन बाजूंना सलग खडक. मी मोबाईलच्या टॉर्चनं नीट पाहिलं होतं, मागे जायला वाट नव्हती, भोक नव्हतं, काही नव्हतं. खाली वाळू ओली होती. दादा एका दगडावर बसला आणि गुडघा चोळत म्हणाला, "थंड हाय इथं. मस्त हाय. बस थोडा." मी बसलो. बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त कुठेतरी पाणी 'डुब्ब' असं वाजायचं आणि थांबायचं. किती वेळ झाला मला कळलं नाही. नंतर हिशेब केला तर चांगली दहा-बारा मिनिटं असावीत.

माझं काम कानाचं आहे. बेअरिंग गेलंय की वाईंडिंग, हे मी मोटर न उघडता सांगतो. तेव्हा आवाजाबद्दल जे लिहितोय ते जपून लिहितोय. दादा माझ्या समोर बसलेला होता, तोंड मिटून, गुडघ्याकडे बघत. आणि त्याच्या पाठीमागच्या खडकातून, जिथे वाट नव्हती तिथून, माणसाचा आवाज आला.

"पानी सुटला होऽऽऽ... भाईर निंगा होऽऽऽ..."

चाल आमची. 'निंगा'वर आवाज खाली.

मी घाबरलो असं लिहायला हवं, पण तेव्हा घाबरायला वेळच मिळाला नाही. हाक कानात गेली आणि मी उभा होतो. दादाही उभा होता, गेलेल्या गुडघ्यासकट. आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं माझं मनगट धरलं, मी त्याला ओढलं की त्यानं मला हे सांगता येत नाही, आणि आम्ही बोळीत घुसलो. पाठीमागून दुसऱ्यांदा हाक आली, या वेळी जास्त जवळून.

बोळीत वळणावर पाणी होतं. येताना तिथे कोरडा खडक होता. आधी गुडघ्याएवढं, दोन पावलांवर मांडीएवढं, मग एक लाट आत आली आणि छातीला लागली. दादा घसरला. त्याचा चष्मा गेला. मी त्याच्या काखेत हात घातला आणि भिंतीला पाठ घासत सरकत राहिलो, मनात एकच — याला सोडायचं नाही, काही झालं तरी याला सोडायचं नाही. वळण पार केलं आणि बाहेरचे आवाज एकदम कानावर आदळले. पिंकी "बाबा! बाबा!" करून ओरडत होती, सौ. रडत होती. वाळूची पट्टी नव्हतीच. खुटीही नव्हती. होडी खडकावर आपटू नये म्हणून नाववाला वल्हं भिंतीला लावून जीव खाऊन रेटत होता. जावयांनी दादाची कॉलर धरून त्याला वर घेतलं आणि मग मला.

होडी तोंडाबाहेर निघाली असती, पण नाववाला निघेना. तो आत बघत होता.

"तिसरो खंय?"

मी म्हणालो, तिसरा कोणी नाही. आम्ही दोघंच उतरलो होतो.

"मगे हाक कोण मारीत होतो?" तो चिडला. "आत माणूस आसा! मी आयकलय. दोनदा मारल्यान." आणि त्यानं ती चाल जशीच्या तशी काढून दाखवली. शब्दही तेच, 'भाईर निंगा'. त्याच्या बोलीत असं म्हणत नाहीत. माझ्या अंगावर काटा तेव्हा आला, त्याआधी नाही.

लाटा वाढत होत्या, प्रत्येक लाटेला होडीची कड खडकाला घासत होती, आणि तो माणूस आम्हा सहा जणांचा जीव धोक्यात घालून कुणा सातव्यासाठी थांबला होता. जावयांनी हात जोडले, पिंकीनं मोबाईलमधला आम्ही उतरतानाचा व्हिडिओ दाखवला, की बघा, दोघंच आहेत. तेवढ्यात एक मोठी लाट गेली आणि बोळीचं तोंड पूर्ण पाण्याखाली गेलं. परत उघडं पडलं नाही. तेव्हा त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि इंजिन सुरू केलं. किनाऱ्याला लागेपर्यंत तो मागे वळून बघत होता.

जावई शिकलेले आहेत. ते म्हणाले, मामा, पिंकी ओरडत होती, तो प्रतिध्वनी असेल. किंवा लाटेच्या दाबानं फटीतून हवा निघते, तिचा भोंग्यासारखा आवाज होतो, आणि आपलं डोकं त्यात ओळखीचे शब्द भरतं. मी होकार दिला. मला तसंच हवं होतं. पण माझ्या डोक्यानं भरले असं धरलं, तर त्या नाववाल्याच्या डोक्यात आमच्या गावची हाक कोणी भरली?

खरी काळजी तर पुढे सुरू झाली. दादा गप्प झाला. परतीच्या गाडीत दीड दिवस खिडकीशी बसून होता, एक घास खाल्ला नाही. घरी आल्यावर रोज सकाळी तलावावर चक्कर मारायचा, ती बंद. ताट समोर ठेवलं की दोन घास आणि पुरे. डॉक्टर म्हणाले बीपी ठीक आहे, साखर ठीक आहे. सौ. म्हणाली, "धक्का बसला, होईन बरा." मी बघत होतो. दोन आठवड्यांत माणूस अर्धा झाला. समुद्रातून ओढून आणलेला भाऊ मी घरात बसून गमावतोय, असं मला वाटायला लागलं. दुकानात हात चालेनात. दोन मोटारी चुकीच्या बांधल्या.

मग एक दुपारी तो स्वतःच दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तुले आवाज ओळखू आला का गा?"

"नाही. तुले आला?"

"तो केवळरामचा होता."

केवळराम म्हणजे दादाच्या जोडीचा माणूस. दादा तुडूम उघडायचा आणि केवळराम हाक देत जायचा. दादाहून वर्षभरानं मोठा. मी नागपूरला शिकत होतो त्या वर्षी तो वारला. रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळीत गाळ काढत होता आणि पाणी आलं. गावात सगळ्यांना माहीत आहे की दादानं त्या दिवशी स्वतः हाक दिली होती, पण नळीत त्याला ऐकू गेली नाही. मीही हेच ऐकत आलोय.

"मी हाक नाही देली," दादा म्हणाला.

मी हातातली तार खाली ठेवली.

"आदल्या दिवशी मीच म्हटला होता त्याले, नळी साफ कर. अन मीच इसरलो. सकाळी तुडुमावर गेलो. रोज तोच हाक देत जाय न... मले वाटला, गेला असन समोर, देली असन. सवय पडली होती त्याच्या आवाजाची. ऐकू नाही आली तरी आल्यासारखी वाटली. उघडला मी. मंग लोकं विचारू लागले. म्हटलं, देली होती मी. एकदा म्हटला अन मंग वापस नाही घेता आला."

राग आला, हेही सांगतो. ज्याला मी बाप मानलं तो इतकी वर्षं खोटं बोलत होता, याचा राग. पण त्याला बिनचष्म्याचं धड दिसतही नव्हतं आणि नवा करून घ्यायला तो तयार नव्हता. मी विचारलं, "आता का करतं?"

"अनुसया वहिनीकडे ने मले. आजच ने."

केवळरामची बायको. गावच्या दुसऱ्या टोकाला मुलासोबत राहते. मला भीती ही, की ती आकांत करेल, मुलगा धावून येईल, आणि दादाचं आधीच अर्धं झालेलं काळीज तिथेच थांबेल. वाटेत गाडीवर मी दोनदा म्हणालो, राहू दे दादा. त्यानं मागून खांद्यावर थाप मारली, चल म्हणून.

अनुसया वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलगा शेतात गेला होता. दादा बसला नाही. उभ्यानंच सगळं बोलला, नळी, तुडूम, खोटं, आणि मग गुहा. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. हात थांबले नाहीत.

तो संपल्यावर म्हणाल्या, "मले माहीत हाय भाऊजी."

दादा दोन पावलं पुढे आला.

"मी त्या दिवशी नहरावरच होती. नळीच्या अलीकडे, तुडुमाच्या बाजूले, कपडे धूऊन राहिली होती. हाक आली असती त मले पहिले आली असती. पाय भिजले तवा समजला मले, पानी सुटला म्हणून."

"मंग काऊन नाही बोलल्या वहिनी? एवढे वर्स?"

"बोलून तो येनार होता का?" त्यांनी सूप पुढे ओढलं. "अन त्याले काढाले नळीत पहिले तुमीच उतरले होते. छातीची सालटी निंगाली होती तुमच्या. पाहून राहिली होती न मी. राग होता. लय वर्स होता. मंग थकली मी."

दादा मटकन खाली बसला. सत्तर वर्षांचा माणूस शेंगांच्या टरफलांवर बसून हुंदके देत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिलो.

आणि मग वहिनींनी पहिल्यांदा हात थांबवले.

"आवाज कसा होता त्याचा?" त्यांनी विचारलं. "शेवटी शेवटी गळा खरखरे त्याचा. बिडी पिये लय. अन नळीतला पानी गेला होता नाकातोंडात... खरखर होती का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. मी, ज्यानं आयुष्यभर लोकांची लिंबं काढून फेकली, मला कोणीतरी विचारत होतं की मेलेल्या माणसाचा आवाज कसा होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "साफ होता. एकदम मोकळा. दोन्ही वेळा."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मंग ठीक हाय," म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

दादा आता जेवतो. मला मात्र अजून दुकानात एखादी मोटर चाचणीला लावली आणि ती बंद करताना आवाज खाली येत गेला, की मान आपोआप मागे वळते. जावयांचं म्हणणं मी शंभर वेळा घोळवून पाहिलंय. आवाज फटीतून निघालेल्या हवेचा होता का, आमच्या भीतीचा होता का, बंद खडकातून तो आला कसा, हजार किलोमीटरवर... मला माहीत नाही. पण मी वहिनींना बरं वाटावं म्हणून खोटं बोललो, असं कोणी म्हणेल तर ते मी ऐकून घेणार नाही. आवाज मोकळाच होता.